शंक्वाकार स्वच्छमंडलावरील रोपण शस्त्रक्रिया

डोळ्याच्या पुढील भागातील बहिर्वक्र व पारदर्शक पटलास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सु. ०·५ मिमी. असते. काही व्यक्तींमध्ये, बहुधा पौगंडावस्थेपासून, ते हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते व प्रतिमा विकृत दिसू लागते. जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. प्रारंभी चष्मा व पुढे कठीण स्पर्शभिंग उपयोगी पडते. विकार वाढत असल्यास रिबोफ्लाविन व जंबुपार किरण यांच्या साहाय्याने पटलातील तंतूंचे परस्परबंध वाढवून तो बहुधा थोपविता येतो. स्पर्शभिंग सहन होईनासे झाल्यास किंवा मध्यभागी वण पडल्यास रोपण करतात.

पूर्ण जाडीचे रोपण : माणसातील असे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ट त्सिर्म यांनी १९०५ मध्ये चुन्याने भाजलेल्या डोळ्यावर केले. रामोन कास्त्रोव्हिएहो यांनी १९३६ मध्ये ते शंक्वाकार विकारासाठी योजिले. वर्तुळाकार पात्याने रुग्णाच्या पटलाची सु. ८ मिमी. व्यासाची चकती काढून तेथे मृत दात्याच्या पटलाची चकती अतिसूक्ष्म नायलॉन धाग्याने शिवतात. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसल्याने रोपण सहसा टिकते. तथापि शरीराने ते नाकारण्याचा धोका अनेक वर्षांनंतरही राहतो. आतील अंतःस्तराच्या कोशिका पटलातील जादा पाणी बाहेर टाकून त्याची पारदर्शकता राखतात. नष्ट झालेल्या कोशिकांची जागा नव्या कोशिका घेत नाहीत. म्हणून त्यांवर आघात झाल्यास रोपण सुजून धूसर होते.

खोल स्तरीय रोपण : या विकारात अंतःस्तर बहुधा निरोगी असतो; तेव्हा तो बदलण्याचे कारण नसते. अन्वर व टाइखमान यांनी २००२ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत सुईने पटलात हवा भरून आतील पातळ आवरण विलग करतात. त्यापुढील रोगट भाग काढून, दात्याच्या पटलाचा अंतःस्तर सोलून उरलेला भाग तेथे शिवतात. रुग्णाचा स्वतःचा अंतःस्तर शाबूत राहिल्यामुळे त्याचा अस्वीकार संभवत नाही. रुग्ण तरुण असल्याने रोपण अनेक दशके टिकणे आवश्यक असते. म्हणून हा लाभ मोठा आहे. मात्र शस्त्रक्रियेत ते आवरण फाटल्यास किंवा पूर्वीच फाटून त्यावर वण आलेला असल्यास पूर्ण जाडीचे रोपण करावे लागते.

दोन्ही पद्धतींत टाके काढण्यास अनेक महिने लागतात व त्यानंतरही चष्मा किंवा स्पर्शभिंग लागू शकते. डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे वा दृष्टी मंदावणे ही अस्वीकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तत्काळ उपचार केल्यास रोपण पुष्कळदा वाचविता येते.