नाताळच्या खोक्यातले लोहचुंबक



ऑक्टोबर उजाडला की आपल्या मंडळ्यांकडून वसतिगृहातील मुलांसाठी भेटींची खोकी येऊ लागतात. त्यांत स्वेटर, वह्या, खाऊ आणि खेळणी असतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या आमच्या बऱ्याच मुलांच्या हाती दुकानातले खेळणे पहिल्यांदा येते ते या खोक्यांतूनच. त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडेच. यंदा मात्र खोकी भरण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे.

गेल्या नाताळात एका खोक्यातून चकचकीत गोळ्यांची डबी निघाली. गोळ्या मिरीच्या दाण्याएवढ्या, पण लोहचुंबकाच्या. एकमेकींना चिकटवून त्यांची माळ होते, फूल होते. मलाही गंमत वाटली आणि मी ती डबी मोठ्या मुलींना दिली. दोन दिवसांत मुलींनी एक गोळी नाकपुडीच्या आत आणि एक बाहेर लावून चमकी केली. नाक न टोचता चमकी! मग ती ओठालाही लागली आणि चौथीतल्या एका मुलीने हसता हसता गिळली. "एक गिळलीस की दोन?" असे विचारले, तर ती रडूच लागली.

त्याच रात्री जीप काढून, घाट उतरून आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. वाटेत तिने पाणी मागितले, पण डॉक्टरांनी फोनवर काही देऊ नका म्हणून सांगितले होते. 'एक की दोन' या प्रश्नाला इतके महत्त्व का, हे मला तिथे कळले.

एकच गोळी असेल, तर ती बहुधा शौचावाटे पडून जाते. दोन असतील, किंवा एक गोळी आणि लोखंडाचा तुकडा असेल, तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांत असतानाही एकमेकींना ओढून घेतात. मध्ये सापडलेली आतड्याची भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिला भोक पडते. सुरुवातीला मूल खेळतही असते. नंतर पोटदुखी, उलटी, ताप येतो आणि आपल्याला वाटते, काहीतरी बाधले असेल. तोवर उशीर झालेला असतो. चिकटलेल्या दोन गोळ्या एका बाजूने एकच दिसू शकतात, म्हणून एक्स-रे दोन बाजूंनी काढतात.

देवाची दया, आमच्या मुलीच्या पोटात एकच गोळी होती. ती पडेपर्यंत पुन्हा पुन्हा एक्स-रे काढावे लागले. ज्यांनी डबी पाठवली त्यांचा यात दोष नाही. न वाचता वाटली ती मी.

नंतर मी नियम समजून घेतले. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळण्याच्या रचनेबाबतचे मानक आयएस ९८७३, भाग १. त्यात लोहचुंबकाचे दोन प्रश्न विचारले जातात. चुंबक गिळता येईल इतका लहान आहे का? त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे असते. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती लहान. आणि त्याची ओढ किती? ती मोजण्याचा एक निर्देशांक आहे, तो ५० पेक्षा कमी हवा. लहान आणि जोरकस असा सुटा चुंबक खेळण्यात चालत नाही. आत बसवलेला चुंबकही खेळणे आपटून, ओढून, पिळून पाहिल्यावर बाहेर निघता कामा नये. ८ वर्षांवरील मुलांच्या काही प्रयोगसंचांना सूट आहे, पण त्यांवर धोक्याची सूचना छापावी लागते.

आमच्या डबीवर बारीक अक्षरांत '१४ वर्षांवरील व्यक्तींसाठी' असे छापले होते. म्हणजे ती वस्तू खेळणे म्हणून विकलेलीच नव्हती. मोठ्यांच्या टेबलावरची करमणूक होती. हे वाक्य वाचून 'थोड्या मोठ्या मुलांना चालेल' असे समजू नये. मुलांच्या खेळण्यांचे नियम या वस्तूने पाळलेले नसतील, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

म्हणून विनंती अशी:

१. चुंबकाच्या सुट्या गोळ्या किंवा चकत्या कोणत्याही वयाच्या मुलासाठी पाठवू नका. वसतिगृहात मोठ्यांची वस्तू धाकट्यांच्या हाती जातेच.

२. चुंबकाचे ठोकळे, मासे पकडण्याचा खेळ किंवा अक्षरे पाठवायची असतील, तर नवीन घ्या. आयएसआय चिन्ह, त्यावरचा मानक क्रमांक आणि खालचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो.

३. वापरलेले चुंबकाचे खेळणे नको. डिंक सुटलेला किंवा प्लास्टिकला चीर गेलेली वरून दिसत नाही.

आपल्या घरी मुलाने चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका. केळी किंवा एरंडेल देऊन वाट पाहू नका. खायला-प्यायला काही न देता, जिथे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच न्या आणि 'लोहचुंबक' हा शब्द आधी सांगा. तशीच डबी घरी असेल, तर तीही सोबत न्या.

शहरात असे रुग्णालय अर्ध्या तासावर असेल. आमच्या पाड्यांवरून आधी पायवाट, मग जीप, मग घाट. पावसाळ्यात तर रस्ताच बंद होतो. म्हणून आमच्याकडे खबरदारी खोके भरतानाच घ्यावी लागते.

शंका वाटली तर ते खेळणे बाजूला ठेवा आणि त्याऐवजी चेंडू किंवा दोरीउड्यांची दोरी घाला. आमची लेकरे तेवढ्याच आनंदाने उड्या मारतील.