कॅमेरा बदलताना जुन्या लेन्सचे काय करावे?

लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणारे, गावात छोटा स्टुडिओ चालविणारे आणि शाळा-संस्थांचे कार्यक्रम टिपणारे जे व्यावसायिक आहेत, त्यांच्यापुढे सध्या एक खर्चिक प्रश्न उभा आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली मिररलेस म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट बाजारात आणले. त्यानंतर त्यांचे बहुतेक नवे काम त्याच बाजूने चालले आहे. जुना डीएसएलआर थकला की नवा घ्यावा तो मिररलेसच, असे दुकानदार सांगतो. पण बॅगेतील लेन्सचे काय, या प्रश्नावर तो "त्या विकून टाका" इतकेच म्हणतो.

हा सल्ला ऐकण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. धंद्यातील माणसाचे खरे भांडवल कॅमेऱ्याच्या बॉडीत नसते, लेन्समध्ये असते. बॉडी काही वर्षांत जुनी होते, पण चांगली लेन्स दोन-तीन बॉडी पाहते. कोणती लेन्स आपल्याबरोबर पुढे येईल आणि कोणती येणार नाही हे आधी कळले, तर बराच पैसा वाचतो.

अंतराचा हिशेब

लेन्स जेथे अडकते त्या धातूच्या कडीला माउंट म्हणतात. या कडीपासून आतल्या सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मि.मी. आहे, नव्या आरएफमध्ये २० मि.मी. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ४६.५ मि.मी., तर नव्या झेडमध्ये १६ मि.मी. सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मि.मी. आरसा काढून टाकल्यामुळे त्याची जागा मोकळी झाली आणि हे अंतर घटले.

अॅडॅप्टर म्हणजे मुळात ही उरलेली जागा भरून काढणारी नळी होय. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर लावायची तर २४ मि.मी. जाडीची नळी लागते. निकॉनची एफ लेन्स झेडवर लावायची तर ३०.५ मि.मी. तिच्यात काच नसते, म्हणून चांगल्या बनावटीच्या अॅडॅप्टरने चित्राचा दर्जा घसरत नाही.

यातून एक पक्का नियम निघतो. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर चालते, उलटे साध्या नळीने होत नाही. नवी आरएफ लेन्स जुन्या ईएफ बॉडीवर चालणार नाही, कारण नळी जाडी वाढवू शकते, कमी करू शकत नाही. कॅननने २०१२ साली ईएफ-एम नावाचे छोट्या मिररलेसचे माउंट आणले होते. त्याचे अंतर १८ मि.मी., म्हणजे आरएफपेक्षा फक्त २ मि.मी. कमी. तेवढ्या फरकामुळे त्या लेन्स कॅननच्याच नव्या बॉडीवर नेता येत नाहीत. ईएफ-एमच्या लेन्स कोणी स्वस्तात देऊ लागला, तर आरएफकडे जाणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

मोटर कोठे आहे?

लेन्स बसली म्हणजे काम झाले असे नाही. तिचा ऑटोफोकस चालतो का, हा दुसरा प्रश्न. येथे कॅनन आणि निकॉनच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्याचे कारण जुने आहे.

कॅननने १९८७ साली आपले जुने एफडी माउंट सोडून ईएफ माउंट आणले. एफडीचे अंतर ४२ मि.मी. आणि ईएफचे ४४, त्यामुळे जुन्या लेन्स साध्या नळीने नव्या बॉडीवर चालेनात. ज्यांची भरपूर लेन्स होती त्यांना हा बदल जड गेला. परंतु ईएफमध्ये फोकसची मोटर आणि अॅपर्चर दोन्ही लेन्समध्येच, आणि हुकूम विजेच्या संपर्कातून, अशी रचना होती. तिचा फायदा आज मिळतो. कॅननच्या अॅडॅप्टरला फक्त तारा जोडून द्याव्या लागतात. कॅननची १९८७ नंतरची कोणतीही ईएफ ऑटोफोकस लेन्स आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते.

निकॉनने उलट केले. १९५९ चे एफ माउंट त्यांनी मोडले नाही आणि जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळले. पण त्यामुळे त्या माउंटवर अनेक पिढ्यांच्या लेन्स जमा झाल्या. ज्यांच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेले आहे त्यांच्यात मोटर आहे. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस चालतो. मात्र ५० मि.मी. १.८ डी, ८५ मि.मी. १.८ डी अशा लेन्समध्ये मोटर नाही. बॉडीतील मोटर दांड्याने त्यांना फिरवीत असे. एफटीझेडमध्ये तो दांडा नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. स्टुडिओत बसलेल्या माणसासाठी ते चालेल. वरातीत नाचणाऱ्या मंडळींसाठी चालणार नाही.

सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स असतील तर आपली प्रत्यक्ष लेन्स दुकानात नेऊन बॉडीवर लावून पाहावी. काहींना आतील प्रोग्रॅम नवा भरून घ्यावा लागतो.

छोट्या सेन्सरच्या लेन्स

कॅननच्या ईएफ-एस आणि निकॉनच्या डीएक्स लेन्स छोट्या सेन्सरसाठी असतात. फुल फ्रेम मिररलेसवर त्या बसतात, पण कॅमेरा चित्राचा मधला भागच घेतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅनन बॉडीवर हाती येतात सुमारे ९ मेगापिक्सेल. असा फोटो अल्बमच्या १२ बाय १८ इंचाच्या पानभर छापला तर इंचाला सुमारे २०८ ठिपके मिळतात. छपाईवाले साधारण ३०० मागतात. लहान फोटोंना अडचण नाही, पानभर फोटोला आहे. ज्याच्याकडे अशाच लेन्स जास्त आहेत, त्याने छोट्या सेन्सरच्या मिररलेसचा विचार करावा.

अॅडॅप्टर कोणते घ्यावे?

कंपनी तीच राहणार असेल तर कंपनीचेच अॅडॅप्टर घ्यावे. कॅननचे साधे अॅडॅप्टर ११० ग्रॅमचे आहे, निकॉनचे एफटीझेड दुसरे १२५ ग्रॅमचे. बाजारात अगदी स्वस्त नळ्याही मिळतात, त्यांत विजेचे संपर्क नसतात. अशा नळीवर ईएफ लेन्सचा ऑटोफोकस तर जातोच, अॅपर्चरही बदलता येत नाही. अॅपर्चरची रिंग असलेल्या जुन्या मॅन्युअल लेन्ससाठीच ती घ्यावी. कोणतेही अॅडॅप्टर घेताना लेन्स हलवून पाहावी. खटखट हलली तर परत करावे.

कॅननच्या लेन्स ठेवून सोनीची बॉडी घेणेही शक्य आहे. पण तेथे अॅडॅप्टरला एका कंपनीचे हुकूम दुसऱ्या कंपनीच्या भाषेत सांगावे लागतात. फोटोला ते बरेच जमते. अंधाऱ्या हॉलमध्ये, चालत्या माणसावर आणि व्हिडिओत त्याची खात्री नसते. शिवाय फ्लॅश आणि ट्रिगरची स्वयंचलित मोजणी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून तोही खर्च धरावा लागतो. सोनीच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. ई माउंटची मूळ माहिती त्यांनी २०११ साली इतर लेन्स उत्पादकांना विनाशुल्क खुली केली, त्यामुळे इतर कंपन्यांच्या लेन्सची निवड तेथे मोठी आहे. कॅननने आरएफवर सिग्मा व टॅमरॉनला परवानगी दिली ती २०२४ मध्ये, आणि तीही छोट्या सेन्सरच्या लेन्ससाठी.

बदल टप्प्याने करावा

आमचे सांगणे असे की प्रथम कागदावर आपल्या सर्व लेन्स लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी मांडाव्यात: ऑटोफोकस राहील का, पूर्ण सेन्सर भरेल का, आणि महिन्यातून किती कामांत ती लागते. जी तिन्ही कसोट्यांना उतरते ती विकू नये. जी रोज लागते पण ऑटोफोकस गमावते, तिच्या जागी नवी लेन्स आधी घ्यावी. जी कपाटातच असते ती विकावी.

सुरुवातीला एक नवी बॉडी आणि अॅडॅप्टर घ्यावे, जुनी बॉडी जवळ ठेवावी. लग्नाच्या कामात दोन बॉडी लागतातच. जुन्या माउंटची लेन्स दोन्हींवर लागते. नव्या माउंटची फक्त एकीवर. म्हणून बदलाच्या काळात लेन्सची गरज पडलीच, तर जुन्या माउंटची सेकंडहँड लेन्स पुष्कळदा सोयीची पडते. अनेकजण विकत असल्याने ती मिळतेही. घेताना टॉर्च लावून काचेत बुरशी आहे का ते पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते आणि शेजारच्या लेन्सलाही लागू शकते. दुसरी नवी बॉडी येईल तेव्हा दुसरे अॅडॅप्टरही घ्यावे. ऐन समारंभात एकच नळी दोन बॉडींत फिरविणे म्हणजे मोक्याचा क्षण हातचा घालविणे होय.

ज्याची कमाई हंगामावर आहे त्याने सीझनच्या तोंडावर सर्व संच बदलू नये. कामे कमी असतात त्या महिन्यांत नवी बॉडी हाती घ्यावी, घरच्या घरी अंधारात, उजेडात, चालत्या माणसावर जुनी प्रत्येक लेन्स तपासावी, आणि मग काय विकायचे ते ठरवावे. विकलेली लेन्स त्याच भावात परत मिळत नाही.