वसाहतकालीन व्हर्जिनियातील वंशशोध

वसाहतकालीन व्हर्जिनियातील वंशशोध म्हणजे सतराव्या व अठराव्या शतकांत उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत राहिलेल्या कुटुंबांची वंशावळ मृत्युपत्रे, जमिनीचे दस्तऐवज आणि न्यायालयीन नोंदी यांवरून जुळवण्याची पद्धत होय. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय जनगणना १७९० मध्ये झाली आणि १८४० पर्यंतच्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचेच नाव नोंदवले जाई. व्हर्जिनियात जन्ममृत्यूंची राज्यव्यापी नोंद १८५३ पासून सुरू झाली. त्यामुळे त्याआधीच्या पिढ्यांसाठी, विशेषतः स्त्रिया व मुले यांच्यासाठी, न्यायालयीन दप्तर हा प्रमुख आधार ठरतो.

नोंदींचे प्रकार

प्रत्येक काउंटीचे न्यायालय कर्ज, जमीन व नोकरांविषयीच्या तंट्यांबरोबरच वारसाहक्काची प्रकरणेही हाताळीत असे. मृत्युपत्रात पत्नी, मुले, जावई व नातवंडे यांची नावे येतात. साक्षीदार बहुधा शेजारी किंवा आप्त असतात. मृत्युपत्र न करता व्यक्ती मरण पावल्यास न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमी आणि चीजवस्तूंची यादी करून घेई. वडील वारलेल्या मुलांसाठी पालक नेमला जाई. चौदा वर्षांच्या मुलास स्वतःचा पालक निवडता येत असे व मुलगा एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. त्यामुळे अशा नोंदींवरून वयाचा अंदाज बांधता येतो.

वाचनातील दक्षता

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नसणे, हा तो मुलगा नव्हता याचा पुरावा नव्हे. व्हर्जिनियात १७८५ पर्यंत ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्काचा कायदा होता. मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्या मुलाकडे जाई. म्हणून कित्येक मृत्युपत्रांत त्याचा उल्लेख नाममात्र असतो किंवा नसतोच.

नात्यांचे इंग्रजी शब्दही आजच्या अर्थाने घेता येत नाहीत. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा, तर ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. ‘सीनियर’ व ‘ज्युनियर’ ही बिरुदे एकाच परिसरातील समान नावाच्या दोन व्यक्तींना लावली जात. ते पितापुत्र असतीलच असे नाही. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातील नोंदींचे वर्ष आजच्या गणनेपेक्षा एकाने मागे दिसते.

उदाहरण : जॉन्सन कुटुंब

नॉर्थॅम्प्टन काउंटीची न्यायालयीन दप्तरे १६३२ पासून अखंड उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे अँथनी जॉन्सन या आफ्रिकी वंशाच्या शेतकऱ्याच्या कुटुंबाचा माग काढता आला. १६२५ च्या शिरगणतीत १६२१ मध्ये आलेला ‘अँटोनिओ’ आणि १६२२ मध्ये आलेली ‘मेरी’ यांची नोंद आहे. हेच पुढे जॉन्सन दांपत्य म्हणून ओळखले गेले, असे इतिहासकार मानतात. १६५१ मध्ये अँथनीला २५० एकर जमीन मिळाली. १६५३ मध्ये आगीत मोठे नुकसान झाल्यावर न्यायालयाने त्याची पत्नी व दोन मुलींना करमाफी दिली. या कुटुंबाला मुली होत्या, हे या सवलतीच्या नोंदीतून स्पष्ट होते.

जॉन कॅसर याच्यावरील हक्काचा तंटा कुटुंबाविषयी आणखी माहिती देतो. आपल्या चाकरीची मुदत संपली आहे, असे कॅसरचे म्हणणे होते. अँथनीची पत्नी, दोन मुले व ‘सन-इन-लॉ’ यांनी कॅसरला सोडण्यासाठी अँथनीचे मन वळवल्याचे एका साक्षीत नमूद आहे. मुलींची नोंद असल्याने येथे जावई हा अर्थ संभवतो. तथापि सावत्र मुलगा ही शक्यताही तपासावी लागते. अखेर न्यायालयाने कॅसरला पुन्हा जॉन्सनच्या स्वाधीन केले. हा निकाल मूळ दप्तरात ८ मार्च १६५४ चा असून आजच्या गणनेने तो १६५५ चा ठरतो.

१६६० च्या दशकात हे कुटुंब मेरीलँडमध्ये स्थलांतरित झाले. अँथनीच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये व्हर्जिनियातील पंचांनी तो कृष्णवर्णीय, म्हणून परका, असे ठरवून त्याची तेथील जमीन वारसांना नाकारली. मेरीलँडमधील नोंदींत मात्र वंश पुढे चालू राहतो. मेरीने नातवांच्या नावे गायी लिहून दिल्या. १६७७ मध्ये जॉन या नातवाने ४४ एकर जमीन घेऊन तिला ‘अंगोला’ हे नाव दिले. आजोबांच्या मूळ देशाचे स्मरण अशा प्रकारे जमिनीच्या दस्तऐवजात टिकले.

मर्यादा

सर्व काउंट्यांची दप्तरे अशी टिकली नाहीत. यादवी युद्धाच्या काळात सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवलेली अनेक काउंट्यांची कागदपत्रे एप्रिल १८६५ च्या आगीत नष्ट झाली. अशा ठिकाणी शेजारच्या काउंट्यांतील नोंदी, जमिनीची सनदपत्रे व कर-याद्या यांचा आधार घेतला जातो. गुलामगिरीत ठेवलेल्या बहुसंख्य लोकांची नावे मालकांच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत, बहुधा आडनावाशिवाय, गुरेढोरे व अवजारांच्या शेजारी सापडतात. कोणती आई व कोणते मूल कोणत्या वारसाच्या वाट्याला गेले, हे सांगणारी तीच नोंद अनेकदा त्या कुटुंबाचा एकमेव लेखी पुरावा असते.