आयसीयूत रात्र व्हावी म्हणून
शरीराचं घड्याळ : भाग ६

हळदीला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली की वसमत तालुक्यातल्या शेतकऱ्याचा सगळा आठवडाच उलटा होतो. थ्री फेज लाईट रात्री येते, तेव्हाच मोटार सुरू होते. हातात बॅटरी, पायाखाली चिखल आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. आठवडा सरता सरता अंग मोडून येतं, कणकण वाटते. मागच्या भागात आपण मेंदूतल्या मुख्य घड्याळाची, वीसेक हजार पेशींच्या त्या इवल्याशा पुंजक्याची ओळख करून घेतली. हेच घड्याळ जिवावरच्या दुखण्यात विस्कटलं तर काय होतं, ते आज पाहू.

जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या आतही घड्याळ असतं. फ्रान्झ हालबर्ग यांनी १९६० मध्ये उंदरांना जंतूंच्या विषाचा सारखाच डोस दिला, वेळ मात्र बदलत ठेवली. एका वेळी टोचलेले बहुतेक दगावले, दुसऱ्या वेळी टोचलेले बहुतेक तगले. विष तेच, उंदीर तसेच; फरक फक्त वेळेचा.

झोपेचंही तसंच. रोज चारच तास झोपू दिलेल्या निरोगी तरुणांना फ्लूची लस टोचली, तेव्हा दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्मीही नव्हती. हा अभ्यास २००२ चा. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यामागचं एक कारण दाखवलं. झोपेत ॲड्रेनलिन उतरतं, म्हणून टी-पेशी आपल्या लक्ष्याला जास्त घट्ट चिकटतात. जागरणात ही पकड सैल पडते.

आता आयसीयूत चला. साप चावलेला असो की न्यूमोनियाने धापा टाकणारा, इथल्या माणसाला झोपेची गरज सर्वात जास्त, आणि झोप दुर्मीळ ती इथेच. रात्री दोनलाही ट्यूबलाईट डोळ्यांवर. मॉनिटरचं टीं टीं थांबत नाही. कोणी बीपी बघतं, कोणी रक्त काढतं, नळीतून फीड चालूच. दिवसा तरी लख्ख उजेड मिळावा, तर खिडकीच नसते. झोपेच्या इंजेक्शनने डोळे मिटतात, पण ती गुंगी; खरी गाढ झोप नव्हे. पेशंटची निम्मी झोप दिवसा, तीही तुकड्यातुकड्यांनी होते. सेप्सिसमध्ये तर रात्री चढणाऱ्या मेलाटोनिनची लयच सपाट होते. मग माणूस भ्रमात जातो, सलाईन उपटतो, आणि बाहेर चटईवर बसलेल्या घरच्यांना वाटतं, आता हे हातचे गेले.

मेलाटोनिनची गोळी देऊन भागेल का? ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला : त्या गोळीने भ्रमाचं प्रमाण घटलं नाही. मला यात नवल वाटत नाही. भोवती दिवस-रात्रच नसेल, तर एकट्या गोळीने काय होणार? त्यापेक्षा रात्री दिवे मंद करावेत, अलार्मचा आवाज जपून बेताचा ठेवावा, रक्त काढणं आणि अंग पुसणं पहाटे तीनला न करता एकाच फेरीत उरकावं. कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी द्यावी. याला खर्च तो किती!

हिंगोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. तिथे अतिदक्षतेच्या खाटा मांडताना प्रत्येक खाटेला खिडकीचा उजेड आणि दिव्याचं वेगळं बटण मिळावं, असं मला मनापासून वाटतं. व्हेंटिलेटर किती, हे सगळे विचारतात; खिडक्या किती, हेही विचारायला हवं.

घरच्यांनाही करण्यासारखं आहे. भेटीच्या वेळी चष्मा आणि कानाचं मशीन घेऊन जा, सिस्टरना विचारून लावून द्या. हात हातात घ्या आणि सांगा : आबा, आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजलेत, बाहेर ऊन पडलंय, हळद काढायला घेतलीय.