आकड्यांतून जाणारे मेंदूचे चित्र

हा लेख वाचण्यापूर्वी एक आलेखकागद आणि पेन्सिल घ्या. कागदावर आठ ओळी आणि आठ रकाने असलेला चौसष्ट चौकटींचा चौरस आखा. कडेच्या सर्व चौकटींत १००० हा आकडा लिहा. आतल्या छत्तीस चौकटींपैकी काहींत ३७ आणि काहींत २५ लिहा. मग आतल्याच कोणत्याही तीन शेजारच्या चौकटींतील आकडे खोडून तेथे ६० लिहा. झाले? आता दुसऱ्या गावी राहणाऱ्या एखाद्या मित्राला दूरध्वनी करा. त्याच्याजवळही असाच आखलेला, पण कोरा कागद असू द्या.

पहिल्या खेपेला त्याला फक्त रंग सांगा. १००० म्हणजे पांढरा आणि शंभराच्या आतले सगळे करडे. ‘पांढरा, पांढरा, करडा, करडा...’ असे करत दोन-तीन मिनिटांत चित्र पोहोचेल. मित्राच्या कागदावर एक पांढरी किनार आणि तिच्या आत करडा ठोकळा उमटेल. तुम्ही मुद्दाम बदललेल्या त्या तीन चौकटी मात्र वाटेतच हरवलेल्या असतील.

दुसऱ्या खेपेला रंग न सांगता आकडे सांगा. वेळ जास्त लागेल, घसाही कोरडा पडेल. पण मग मित्राला म्हणा, ‘५० च्या वरचे आणि १०० च्या आतले आकडे तांबड्या पेन्सिलीने रंगव.’ त्या तीन चौकटी लालभडक होऊन पुढे येतील.

हा खेळ उगाच सांगितलेला नाही. त्यातले आकडे खऱ्या डोक्याचे आहेत. कवटीचे हाड सुमारे १०००, मेंदूचा करडा भाग सुमारे ३७, पांढरा भाग सुमारे २५ आणि नुकतेच सांडून साकळलेले रक्त सुमारे ६०. सीटी स्कॅन यंत्र डोक्याचा एकेक काप घेऊन त्यातील चौकटींना असेच आकडे देत असते. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० मानून ही मोजपट्टी ठरविलेली आहे. तिला हाउन्सफील्ड यांचे नाव दिलेले आहे.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधील इ.एम.आय. कंपनीत अभियंता होते. तुमच्या आजोबांच्या घरी कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ध्वनिमुद्रिका असतील, तर ती छाप याच कंपनीची. डोक्याभोवती अनेक दिशांनी क्ष-किरण सोडायचे, पलीकडे किती पोहोचले ते मोजायचे आणि त्यावरून आतल्या प्रत्येक चौकटीने किती किरण शोषले ते गणिताने काढायचे, ही त्यांची युक्ती. आडव्या, उभ्या आणि तिरप्या बेरजा देऊन चौकटींतले आकडे शोधायला सांगणारे कोडे तुम्ही सोडविले असेल. हे कोडे त्याचेच थोरले भावंड.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र घेतले. त्यात ८० गुणिले ८०, म्हणजे फक्त ६४०० चौकटी होत्या. आणि गंमत पाहा, चित्र रुग्णालयात तयार झालेच नाही! यंत्राने मोजलेले आकडे चुंबकीय फितीवर नोंदवून ती फीत दुसरीकडच्या मोठ्या संगणकाकडे न्यावी लागली. मोजमाप एकीकडे आणि गणित दुसरीकडे, हा प्रकार सीटी स्कॅनच्या जन्मापासूनचा आहे. या कामाबद्दल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्या तीन हरवलेल्या चौकटींकडे परत येऊ, कारण त्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

एखाद्या माणसाचे तोंड अचानक वाकडे होते, एक हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. याला आपण पक्षाघात किंवा लकवा म्हणतो. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे असे होते, पण काही वेळा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडल्यामुळेही होते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. नुसते तपासून खात्रीने सांगणे अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध आहे. आल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्यांतली दोन नावे. ते साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण रक्तस्राव झालेला असताना हेच औषध दिले, तर रक्त आणखी सांडते आणि रुग्ण दगावू शकतो. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक! निवाडा करतो तो सीटी स्कॅन. ३७ च्या मैदानात कोठे ६० दडले आहेत काय, एवढेच आधी पाहायचे असते.

संगणकाचा साधा पडदा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा दाखवितो. सीटीचे आकडे मात्र हजारो प्रकारचे असतात. समजा, २००० एककांचा पल्ला या २५६ छटांत बसविला, तर रक्त आणि मेंदू यांच्यातील २३ एककांचा फरक जेमतेम तीन छटांचा उरतो. डोळ्याला तो कळणे कठीणच. म्हणून तज्ज्ञ काय करतात, तर शून्याखालचे सगळे काळे, ८० च्या वरचे सगळे पांढरे आणि मधल्या ८० एककांना सर्व छटा वाटून देतात. आता तोच फरक सत्तरहून अधिक छटांचा होतो आणि रक्त पांढरे होऊन उठून दिसते. याला ‘खिडकी’ म्हणतात. हाड पाहायचे असेल तर खिडकी बदलायची. अर्थात, हातात आकडे असतील तरच ती बदलता येते. तयार चित्र हाती आले, तर पाठविणाऱ्याने जी खिडकी उघडली असेल तीच पाहत बसायचे.

दूर असलेल्या तज्ज्ञाला चित्र पाठविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील वेस्ट चेस्टर या गावाहून सुमारे ४० किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियाला जेकब गेर्शन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दूरध्वनीच्या तारेवरून क्ष-किरण चित्रे पाठविली आणि १९५० मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. ती अर्थात रंगांची रवानगी होती, तुमच्या पहिल्या खेपेसारखी.

आकडे पाठवायचे तर अडचण वेळेची. जरा हिशेब करू. आजच्या सीटीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकटी असतात. प्रत्येक आकड्याला दोन बाइट जागा धरली, तर तीस कापांचे सुमारे १ कोटी ५७ लाख बाइट होतात. १९८० च्या दशकात दूरध्वनीच्या तारेवरून दर सेकंदाला ९६०० बिट पाठविणारा मोडेम चांगला समजला जाई. एका बाइटमध्ये आठ बिट. करा भागाकार! एका कापाला सव्वासात मिनिटांहून थोडे अधिक आणि तीस कापांना तीन तास अडतीस मिनिटे. साडेचार तासांतले एवढे तास तारेतच गेले, तर औषधाला उरले काय? मोठी रक्तवाहिनी तुंबलेल्या रुग्णाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. त्या हिशेबाने तेवढ्या वेळात ४१ कोटी पेशी गेल्या. आज दर सेकंदाला १ कोटी बिट नेणारी जोडणी मिळाली, तर हेच काम तेरा सेकंदांत होते.

दुसरी अडचण भाषेची होती. प्रत्येक कंपनीचे यंत्र आपले आकडे आपल्याच पद्धतीने लिहीत असे आणि एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्र-उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये एकत्र समिती नेमली. १९८५ मध्ये पहिले मानक निघाले आणि १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे नाव मिळाले. डायकॉमची धारिका एखाद्या पत्रासारखी असते. वर रुग्णाचे नाव, वय, तारीख, यंत्राची माहिती. आत आकड्यांचा तक्ता. जगातील जवळजवळ सगळी सीटी यंत्रे आता हीच भाषा बोलतात.

मग ‘क्लाउड’ कशासाठी? हे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण ते फसवे आहे. आभाळाशी त्याचा काही संबंध नाही. क्लाउड म्हणजे जमिनीवरच्या भक्कम इमारतींत ओळीने मांडलेले हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे आणि वीज गेली तर चालू होणारे जनित्र. अशा इमारती नवी मुंबईत पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली अशी केंद्रे सुरू केली. रुग्णालयाचे यंत्र डायकॉम धारिका अशा केंद्रात ठेवते आणि परवानगी असलेला तज्ज्ञ घरून, प्रवासातून किंवा दुसऱ्या देशातूनही ती उघडतो. आकडे मूळचेच असल्याने खिडकी हवी तशी बदलतो. रुग्ण मोठ्या शहरात हलविला, तर तो पोहोचण्याआधीच तेथील डॉक्टरांनी त्याचा मेंदू पाहिलेला असतो. नातेवाइकांना तबकडी घेऊन धावावे लागत नाही.

सूर्यसुद्धा या कामात मदत करतो. अमेरिकेत मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ. तेथील रात्रपाळीची चित्रे येथील ताज्यातवान्या डोळ्यांनी पाहावीत, या विचारावर बंगळूर येथे २००२ मध्ये डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी टेलिरेडिओलॉजी सोल्यूशन्स ही संस्था सुरू केली.

पण प्रत्येक डोंगराळ गावी अशी सोय कोठून असणार? हिमाचल प्रदेशात २०१४ च्या सुमारास वेगळा मार्ग काढण्यात आला. जिल्हा रुग्णालयांत सीटी यंत्र होते, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हते. तेथील डॉक्टर सीटीची चित्रे स्मार्टफोनने दूरच्या तज्ज्ञांना पाठवीत, त्यांच्याशी बोलत आणि गुठळीचे औषध जिल्ह्यातच देत. ही तुमची पहिली खेप झाली, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पडद्याचा फोटो घेतला की खिडकी तिथेच गोठते. फोटो लहान करणारी जेपीईजी पद्धत आठ गुणिले आठ चौकटींचे ठोकळे पाडून त्यांतले बारीक फरक गाळून टाकते. मोठा रक्तस्राव तरीही दिसतो. पण गुठळीमुळे करडा आणि पांढरा भाग सारखे दिसू लागतात, तो दोन-चार एककांचा बदल फोटोत सहज निसटतो. असे असले तरी काहीच न पाठविण्यापेक्षा फोटो पाठविणे शंभर पटींनी बरे, असे माझे मत आहे. क्लाउडची वाट पाहत बसायला त्या रुग्णाजवळ वेळ नव्हता.

क्लाउडमध्ये दार उघडे राहण्याचा धोकाही आहे. धारिकेवर रुग्णाचे नाव असते, हे आठवते ना? २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा वैद्यकीय चित्रे साठविणारे ५९० संगणक कुलूपच न लावलेले आढळले. त्यांत ५२ देशांतील सुमारे २ कोटी ४० लाख नोंदी होत्या आणि त्या देशांत भारतही होता. दोष डायकॉमचा नव्हता. परवलीचा शब्द ठेवायलाच कोणी विसरले होते!

आता शेवटचा एक आकडा राहिला. सीटी यंत्र हजारो आकडे देते, क्लाउड ते क्षणात नेतो. पण दूरचा तज्ज्ञ जो प्रश्न हटकून विचारतो, त्याचे उत्तर यंत्राजवळ नसते. ‘हा माणूस शेवटचा धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिला?’ साडेचार तास मोजायचे ते तेथपासून. रुग्ण झोपेतून लकवा घेऊनच उठला असेल, तर झोपायला गेल्याची वेळ धरतात. घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला किंवा बोलणे बिघडले, तर १०८ ला दूरध्वनी करा, सीटी यंत्र असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा आणि ती वेळ एका कागदावर लिहून रुग्णाबरोबर पाठवा.