पोलादी घटाची पारख

मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. कुंभाराने भाजणीची कितीही ग्वाही दिली तरी मडके डाव्या तळहातावर तोलून त्यावर टिचकी मारल्याशिवाय खानदेशातली बाई पैसे काढत नाही. आवाज टणटणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. मी बँकेत लागलो त्या काळातले जुने रोखपाल संशय आलेले नाणे फरशीवर टाकीत आणि मान वर न करताच निकाल देत. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग लेखकांनी नव्हे, अशा कानांनी घडवला असावा.

गेल्या वर्षी माझ्या कानावर अशीच एक जबाबदारी येऊन पडली. माझी लेक धुळ्याला दिली आहे. तिची मुलगी अकरावीत होती. गोव्याला हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी कोणीतरी उडत्या तबकडीसारखी एक पोलादी वस्तू मांडीवर घेऊन बोटांनी वाजवत होते. ते तिने ऐकले आणि घरी आल्यावर मोबाइलवर दुसरे काही ऐकेना. वाद्याचे नाव हँडपॅन. ‘आबा, मला हे घ्यायचं आहे. पण चांगलं कसं ओळखायचं ते तुम्ही बघा,’ असा तिचा जळगावला फोन.

जावई शाळेत शिक्षक. त्यांचा हिशेब सरळ होता. हाताने सुरात बसवलेल्या बऱ्या हँडपॅनची किंमत लाखाच्या आसपास जाते. तेवढ्या पैशात उत्तम पेटी येईल, तबल्याचा जोड येईल, आणि गाण्याच्या क्लासची दोन-तीन वर्षांची फी भागेल. निवृत्त बँक अधिकाऱ्याला असा हिशेब खोडता येत नाही. मी एवढेच म्हटले, की आधी तारण काय आहे ते पाहू, मंजुरीचे नंतर.

दोन पोलादी पराती एकमेकींवर उपड्या घालून कडेला चिकटवल्या तर जे होईल ते हे वाद्य. व्यास सुमारे एकवीस इंच, वजन चार-पाच किलो. वरच्या अंगाला मधोमध उंचवटा, त्याला ‘डिंग’ म्हणतात; तो सर्वांत खालचा सूर. त्याच्याभोवती सात-आठ चपटे गोल, प्रत्येकाचा एकेक सूर. खालच्या अंगाला मधोमध हात जाईल एवढे भोक. आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या आप्पांना मी चित्र दाखवले, तर ते म्हणाले, ‘हाई काय शे साहेब, कढईवर कढई?’

आप्पांची शंका अगदीच गैर नव्हती, कारण या वाद्याच्या वंशावळीत भांडीच आहेत. एका बाजूला तेलाचे पिंप. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर इंग्रजांनी लोकांच्या ढोलांवर बंधने घातली होती. लोकांनी आधी बांबू आपटून ताल धरला, मग पत्र्याचे डबे घेतले, आणि 1930-40च्या दशकांत तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ हातोडीने ठोकून त्यातून सूर काढले. तो स्टीलपॅन 1992 साली त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरला. (याच बेटावर 1845 पासून आपल्याकडचे गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांत नेले जात होते.) दुसऱ्या बाजूला आपला घटम. तामिळनाडूतल्या मानामदुराईचे कुंभार खास वादनासाठी जाड, पक्क्या भाजणीचे घट करतात. घटाचा सूर भट्टीतच ठरतो. वादकाला पट्टी बदलायची तर घटच बदलावा लागतो. 1999 साली एका स्विस तालवादकाने बर्न शहरातल्या स्टीलपॅन कारागिरांकडे मागणी केली, की घटमसारखे हातांनी वाजणारे, पण अनेक सुरांचे काही करून द्या. फेलिक्स रोहनर आणि सबिना शेरर या जोडीने पोलादाच्या दोन वाट्या जोडून 2000 साली ते वाद्य सिद्ध केले आणि त्याला ‘हांग’ नाव दिले. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ हात. मागणी इतकी वाढली, की घेणाऱ्याला आधी पत्र लिहावे लागे आणि बोलावणे आले तर बर्नला जावे लागे. पुढे जगभर इतर कारागीर तशी वाद्ये करू लागले आणि त्यांना ‘हँडपॅन’ हे नाव पडले. भारतातही आता काही जण ती घडवतात. नातीला मी सांगितले, की तू ज्याला परदेशी समजतेस त्याचे आजोळ तामिळनाडूत आहे.

पण या आजोळामुळेच खरी अडचण उभी राहते. पेटीचा सूर उतरला तर कारागीर रीड घासून तो जागेवर आणतो. तबला गट्ट्यावर हातोडी मारून चढवता येतो, तंबोऱ्याला खुंटी आहे. हँडपॅनला यातले काही नाही. मडक्यासारखेच ते, जे घेतले ते घेतले. सूर हलला तर वाद्य घडवणाऱ्याकडेच पाठवायचे, आणि असा माणूस जळगावात नाही, धुळ्यातही नाही. म्हणून दुकानात किंवा पडद्यावर वाद्य आवडणे निराळे आणि ते पारखून घेणे निराळे.

पारखायचे काय? पत्रा, सूर आणि सूर विझण्याची रीत. पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर. वाटी हातोडीने खोलगट केली की यंत्राच्या दाबाने, यावर विक्रेते फार बोलतात. माझ्या मते त्याला फारसा अर्थ नाही. चांगले कारागीरही वाटी यंत्रावर काढून घेतात. पैसे द्यायचे ते त्यानंतरच्या हातोडीला. एकेका गोलात कारागीर एक नव्हे, तीन सूर बसवतो: मूळ सूर, त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर, आणि त्याच्याही वरचा पंचम. कंपनांचे प्रमाण एकास दोन, दोनास तीन. सुरेल तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार जसा ऐकू येतो, तसे हे वरचे दोन सूर मूळ सुरात मिसळून त्याला गोलाई देतात. पत्र्याच्या त्याच टिचभर तुकड्यावर तिघांना एकाच वेळी जुळवायचे, आणि शेजारचा सूर हलू द्यायचा नाही. अनेकदा ठोकावे, तापवावे, थांबावे, पुन्हा ठोकावे लागते. किंमत त्याची आहे.

पत्र्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला नायट्राइड केलेला. साधे पोलाद नायट्रोजनयुक्त वायूत तापवतात, त्याने पृष्ठभाग कडक होतो आणि गंजाला काहीसा आळा बसतो. रंग काळपट, आवाज उबदार, आणि सूर लवकर विझतो. दुसरा स्टेनलेस. चकाकी अधिक, गंजाची भीती कमी आणि गुंजन लांब, एकदा छेडले की रेंगाळत राहते. पडद्यावर हेच मन मोहून घेते. आपल्याकडे पोलादाचा आवाज म्हणजे भुसावळकडून आलेला, शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा! त्याच जातीच्या धातूतून असा मऊ सूर निघावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते. धातूचा गोडवा आम्ही ऐकला तो काशाच्या टाळांत. मुक्ताईची पालखी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून निघते तेव्हा दिंडीतले जुने टाळकरी नवा टाळ घेताना तो एकदाच वाजवतात आणि नाद पुरता विरेपर्यंत कानाशी धरून ठेवतात. पितळी टाळ जास्त चमकतो, पण काशासारखा बोलत नाही. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे दोन्हींत तेच, फरक जोडीदाराचा.

बाजारात ‘टंग ड्रम’ नावाचे एक स्वस्त भावंडही मिळते. त्याच्या पत्र्याला जिभेसारखे काप दिलेले असतात. त्याचा सूर सहसा हलत नाही, लहान मुलांसाठी ते उत्तम. फक्त कोणी तेच हँडपॅन म्हणून विकू लागला तर जिभा मोजाव्यात आणि घरी यावे.

मुलीने मोबाइलवर पसंत केलेली वाद्ये पैसे पाठवून मागवायला मी साफ नकार दिला. चित्रफितीत आवाजाला घुमटासारखी गुंज जोडता येते, तिथे मडके आणि घागर सारखीच वाजते. पुण्यात एका वादकाकडे निरनिराळ्या घडणीची तीन हँडपॅन विक्रीला होती. मी, नात आणि पेटी घेऊन आप्पा, असे तिघे गेलो. जावई आले नाहीत. शाळेच्या परीक्षा होत्या, असे ते म्हणाले.

आम्ही आधी पंखा बंद करायला लावला. मग प्रत्येक सूर नखभर जोराने, मग जरा ठासून. चांगला सूर जोराने छेडला तरी तोच राहतो, फक्त मोठा होतो. कच्चा सूर चढतो किंवा फाटतो. पहिल्या, सगळ्यात चकचकीत वाद्याचा एक सूर ठासून वाजवताच वाकडा झाला. दुसऱ्यात एक सूर ‘वंव-वंव’ असा लाटा मारत होता. मूळ सूर आणि त्याचा वरचा जोडीदार किंचित विसंवादी असले, की अशी लाट उठते. मग एकेक गोल वाजवून शेजाऱ्यावर बोट ठेवायचे. बोट ठेवल्याने आवाज स्वच्छ झाला तर समजावे, की शेजारी न बोलावता बोलत होता. मोबाइलवरचा सूरमापक आम्ही सर्वांत शेवटी उघडला. त्याने कानाचा निकाल कायम केला. खालची कड आणि चिकटवलेला जोड मी हात फिरवून पाहिला. ही सवय गहाण मालमत्तेच्या पाहणीतली.

हे झाल्यावर आप्पांनी जे केले त्यासाठी त्यांना मी पुन्हा दहा वेळा पुण्याला नेईन. तिसऱ्या, काळपट वाद्याचे सूर होते ‘डी कुर्ड’ नावाच्या, हल्ली सर्वांत जास्त खपणाऱ्या जुळणीचे. डिंग पांढरी दोनवर. तिथे सा धरला तर सगळे सूर आसावरी थाटाचे, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल. नातीने गाऊन पाहिले. आवाज खाली दबला. ती गाते पांढरी सहात. तिचा चेहरा उतरला. आप्पा पेटीवर थोडा वेळ चाचपडत राहिले, आणि मग म्हणाले, ‘डिंग सोड. पहिल्या गोलाला सा म्हण.’ पहिला गोल नेमका पांढरी सहा. तिथून एकामागून एक सूर: कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी, आणि शेवटच्या गोलावर वरचा सा. अख्खे सप्तक भैरवीचे! आणि सुटून राहिलेला डिंग म्हणजे खालचा मध्यम. प्रत्येक भजनाची सांगता ज्या सुरांत करतो ते या कढईत आयते बसले होते. पोरीने हळूच सा लावला.

पत्र्याचा निर्णयही तिथेच लागला. भैरवीत सा आणि कोमल रे शेजारी-शेजारी. स्टेनलेसच्या लांब गुंजनात दोघे एकमेकांच्या अंगावर येत. नायट्राइडमध्ये पहिला वेळेवर बाजूला होई. हे आधी मला कोणी सांगितले नव्हते, पण ऐकल्यावर सांगण्याची गरजही उरली नाही.

मर्यादाही ऐकू आल्या. मींड नाही. दरबारीचा झुलणारा गंधार या पोलादातून निघणे नाही. एकाच वाद्यात शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार हवे तर दुसरी जुळणी मागवावी लागते. याला रागवाद्य म्हणणे मला पटत नाही. सुरांची एक सुंदर ओसरी म्हणावे. आणखी एक, काही विक्रेते 440ऐवजी 432 कंपनांच्या जुळणीचे गोडवे गातात, त्याने मन शांत होते म्हणे. त्याला भक्कम आधार मला आढळला नाही. अडचण मात्र नक्की आहे. असे वाद्य नेहमीच्या पेटीपेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने उतरलेले राहते आणि दोघांचे कधीच जमत नाही. ज्याला पेटीसोबत बसायचे आहे त्याने 440च घ्यावे.

परतताना धुळ्याला उतरलो. जावयांनी भैरवी ऐकली, चहा घेतला, आणि गाण्याचा क्लास सोडायचा नाही या अटीवर निम्मी रक्कम देऊ केली. उरलेली निम्मी माझी. बँकेच्या भाषेत याला संयुक्त वित्तपुरवठा म्हणतात.

आता प्रश्न उरला खानदेशच्या उन्हाळ्याचा. जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात उभ्या गाडीत हँडपॅन ठेवला तर पोलाद फुगून सूर हलू शकतात, आणि वाट्या जोडणारा डिंकही सैल पडू शकतो. त्यामुळे पारोळा-एरंडोल मार्गे ते इकडे आणायचे तर पहाटेच्या गाडीने. वाजवून झाले की घाम कोरड्या फडक्याने पुसायचा, अधूनमधून तेलाचा पुसट हात द्यायचा. पण गंजाचा मोठा शत्रू आमच्याकडे घाम नसून कूलर आहे. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी ती हवा माणसाला सुख देते आणि नायट्राइडच्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठवते. म्हणून वाद्य आतल्या खोलीत ठेवतात, जिथे कूलरची हवा पोहोचत नाही. मे महिन्याच्या दुपारी नात तिथे घाम गाळत भैरवी घोळवते. जावई बाहेर कूलरसमोर वह्या तपासत बसतात, आणि मधले दार लावू देत नाहीत.