कुंपणच शेत खाते तेव्हा



राणीसावरगावच्या बाजूला बालाघाटाचा माळ उन्हाळ्यात करपून जातो. हिरवा घास उरतो तो तळ्याच्या कडेला, आणि जनावरं तिकडंच ओढ घेतात. आजच्या रोगाचं मूळ तिथंच आहे. हा रोग म्हणजे गुरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, राहणारा पानासारखा चपटा जंत. डॉक्टर त्याला लिव्हर फ्ल्यूक म्हणतात.

आजारी जनावराच्या शेणातून जंताची अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेलं पिल्लू गोगलगाईच्या अंगात शिरून वाढतं आणि मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतं. ते गवत म्हशीनं खाल्लं की पिल्लू आतडं भेदून यकृतात घुसतं. तिथं काही आठवडे ते पोखरत फिरतं आणि शेवटी पित्ताच्या नळीत ठाण मांडतं.

आता खरी गोष्ट ऐका. यकृताची नासाडी एकटा जंत करीत नाही. शरीराचे राखणदार, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्याच्यावर तुटून पडतात. जंत एवढा मोठा, की त्यांना तो गिळता येत नाही. म्हणून त्या त्याच्यावर विखारी द्रव्य सोडतात. जंत लबाड, तो अंगावरचं आवरण टाकून नवं धारण करतो आणि निसटतो. द्रव्य पडतं ते आपल्याच यकृतावर. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं!

जखम भरते, पण वण राहतो. गुडघ्यावरचा वण आपण विसरून जातो. यकृतात मात्र वणाची जागा काम करीत नाही. गाईम्हशींत पित्ताच्या नळ्या जाड होतात; गाईंत तर त्यांत चुना साचून त्या कडक होतात. या कडकपणानं जंताला थोडा अटकाव होतो, हे खरं. पण त्याची किंमत मोठी पडते. दूध आटतं, अंग खंगतं, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसतात, जबड्याखाली पाणी उतरतं. मेंढरात एकदम पुष्कळ पिल्लं शिरली, तर वण पडायलाही सवड मिळत नाही. मेंढरू अचानक दगावतं.

म्हणून सूज दिसेपर्यंत थांबू नका. औषधानं जंत मरतो, पण जुना वण सहसा पुसला जात नाही. गोल जंतांचं नेहमीचं औषध इथं पुरत नाही. शिवाय काही औषधं फक्त मोठ्या जंतावर चालतात, तर ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालतं. पहिले काही महिने शेणात अंडी सापडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. तेव्हा कोणतं औषध, किती आणि केव्हा, नंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे गुरांच्या दवाखान्यात विचारूनच घ्या. पाणी हौदात पाजा आणि तळ्याकाठचा चारा टाळा.

गुरुजी, मुलांना तळ्याकाठची गोगलगाय दाखवा. तिला हात लावायला नको, नुसती ओळख पटली तरी पुरे. घरची गुरं बहुधा तीच पोरं चारतात.